थळ की कसारा? एका घाटाच्या नावाचे प्रकरण

नाशिकमध्ये राज्यसेवा आणि सरळसेवा भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी भूगोल शिकवते. आमच्या एका सराव परीक्षेत नेहमीचा प्रश्न आला होता: मुंबई–नाशिक मार्गावर पुढीलपैकी कोणता घाट आहे? पर्याय होते थळ, बोर, कुंभार्ली आणि आंबा. हा प्रश्न इतका मुरलेला आहे की मुले तो वाचतसुद्धा नाहीत, नुसता ओळखतात. बहुतेकांनी थळवर खूण केली. इगतपुरीत, घाटाच्या अगदी तोंडाशी घर असलेल्या एका मुलाने मात्र तो कोरा सोडला.

पेपर तपासून दिल्यावर तो माझ्याकडे आला. "मॅडम, आमच्याकडे कसारा घाट आहे. तो पर्यायात नव्हताच. उगाच अंदाजाने लिहून पाव गुण का घालवू?"

त्याच्या हिशोबात काहीच चूक नव्हती. जे ठाऊक नाही त्यावर खूण करू नये, हे आम्हीच त्यांना शिकवतो.

उत्तर सांगायच्या आधी मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना महाराष्ट्राचा कोरा नकाशा दिला आणि थळ घाट व कसारा घाट दाखवायला सांगितले. दोन्ही एकच की वेगळे, हे मुद्दाम बोलले नाही. आदल्या दिवशी ज्यांची खूण बरोबर आली होती त्यांतल्या बऱ्याच जणांनी दोन ठिपके दिले. कसारा सगळ्यांना सापडला. थळ कुणी पेठच्या बाजूला नेला, कुणी माळशेजच्या शेजारी बसवला. एका मुलीने तो थेट अलिबागजवळ दाखवला, कारण तिथे थळ नावाचे गाव आहे आणि तिथला खतांचा कारखाना तिने वाचलेला होता. तिचे वाचन पक्के होते, पण तो घाट तिथला नव्हे.

म्हणजे ज्यांना गुण मिळाला त्यांना घाट कुठे आहे ते माहीत नव्हते, आणि ज्याने घाट लहानपणापासून पाहिला त्याचा गुण गेला होता. आमच्याकडे चालू घडामोडी शिकवणारे सर म्हणाले, "परीक्षेला छापील नावच चालतं. दोन-दोन नावं सांगून पोरांचा गोंधळ कशाला वाढवायचा?" त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. तरी मला हे तेवढ्यावर सोडवेना. आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरचा घाट आपल्याच मुलांना परका वाटत असेल, तर त्या नावामागे काय आहे ते एकदा नीट पाहायला हवे होते.

घाट एकच

आधी जागा. कोकणातून वर येताना सह्याद्रीच्या पायथ्याशी कसारा आहे. तो ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात येतो. वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, इगतपुरी. तिथून नाशिक जिल्हा. या दोहोंमधला सुमारे ३०० मीटरचा चढ म्हणजे हा घाट. रेल्वे आणि मुंबई–आग्रा महामार्ग दोन्ही इथूनच चढतात. रेल्वेच्या कागदात तो थळ घाट, महामार्गावर तोच कसारा घाट.

वाट मात्र या दोन्ही नावांपेक्षा फार जुनी असणार. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे नगर आणि शूर्पारक म्हणजे सोपारा या दोन्ही ठिकाणी त्याने बांधलेल्या धर्मशाळांचा उल्लेख येतो. वरचे नाशिक आणि खालचे बंदर एका दमात सांगणाऱ्या माणसाच्या काळात दोन्हींमध्ये ये-जा होती, हे उघड आहे. इगतपुरीजवळचा त्रिंगलवाडीचा किल्लाही या वाटेवर नजर ठेवून बसलेला आहे. लेख आणि किल्ला वर्गात दाखवले की मुलांना कळते की घाट म्हणजे नुसती रस्त्याची वळणे नव्हेत.

थळ कुणी जपला

थळ हे नाव आज आपल्यापर्यंत पोचले त्याचे मोठे श्रेय रेल्वेला जाते. १८५३ साली मुंबई–ठाणे गाडी सुरू झाली तेव्हाच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या अभियंत्यांसमोर सह्याद्री उभा होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी दोन वाटा धरल्या: पुण्याकडे बोरघाट आणि नाशिककडे थळ घाट. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळ १८६५ मध्ये. दोन्हीकडे कमाल चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. रस्त्यावरच्या गाडीला हे काही वाटणार नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असते तेव्हा हा भयंकर चढ आहे. म्हणूनच कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने लावतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात.

त्या काळी डोंगराच्या एका टप्प्यावर गाडीला वळायला जागाच नव्हती. मग तिथे सपाट जागा करून गाडी थांबवायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा, अशी सोय केली. याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. पुढे मार्गाची आखणी बदलली आणि हा उलटफेर संपला. पण कसारा ते इगतपुरी दरम्यानच्या ठिकाणांची नावे आजही टीजीआर-१, टीजीआर-२ आणि टीजीआर-३ अशीच आहेत. टीजीआर म्हणजे थळ घाट रिव्हर्सिंग. पावसाळ्यात दरड कोसळली की बातमीत 'टीजीआर-३ जवळ' असे येते आणि वाचणाऱ्याला त्यातला थळ दिसत नाही.

आमच्या इगतपुरीच्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो चमकला. त्याचा मामा याच घाटात रुळांच्या देखभालीवर आहे. पावसाळ्यात रात्री कंदील आणि काठी घेऊन रुळांवरून गस्त घालायची, कुठे दगड आलाय का ते बघायचे, हे त्याचे काम. "मामा तर रोज टीजीआर म्हणतो," मुलगा म्हणाला. मी म्हटले, घरी जाऊन मामाला विचार, टीजीआर म्हणजे काय. दुसऱ्या दिवशी तो उत्तर घेऊन आला: "मामा म्हणाला, टीजीआर म्हणजे टीजीआर. नाव आहे ते. पण त्यांच्या मुकादमाला माहीत होतं."

मला ही या प्रकरणातली सगळ्यात मोलाची नोंद वाटते. थळ हे नाव घाटात जिवंत होते, रोज उच्चारले जात होते, फक्त तीन अक्षरांत आवळलेले. मुलाच्या घरात ते होतेच.

थळ, थल, थाल आणि भोर

मग ते पाठ्यपुस्तकात कसे गेले? शालेय भूगोलात सह्याद्री ओलांडणाऱ्या वाटा म्हणून थळ, भोर आणि पाल ही तिकडी वर्षानुवर्षे शिकवली जाते. ही तिन्ही नावे इंग्रजी नकाशातून आली. इंग्रजीत ळ नाही. म्हणून थळ लिहिताना साधा ल वापरला गेला, आणि तिथून ते हिंदी पुस्तकात गेल्यावर कुठे थल झाले, कुठे थाल. आमची मुले हिंदी माध्यमाची मार्गदर्शकेही वाचतात. थाल घाट हा तिसराच घाट समजणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

बोरघाटाची गत याहून वाईट. इंग्रजी लिखाणात ब ला ह जोडला गेला आणि बोरचा भोर झाला. पुणे जिल्ह्यात भोर नावाचे गाव आहे, तालुका आहे, पूर्वी संस्थान होते. तिथून महाडकडे उतरतो तो वरंधा घाट. तेव्हा 'भोर घाट' वाचून मुलाने वरंध्याकडे बोट दाखवले तर त्याला दोष कसा देणार? खंडाळ्याच्या घाटाला पुणेकर बोरघाटच म्हणतात. तिसरे नाव पालघाट, म्हणजे केरळातले पालक्काड. ती तर सुमारे ३० किलोमीटर रुंद खिंड आहे. थळ चढताना जीव वर-खाली होतो तसे तिथे काही होत नाही. या तिघांना एका ओळीत ठेवल्याने मुलांच्या डोक्यात घाटाचे चित्रच बिघडते, असे माझे मत आहे.

थळ या शब्दावर वर्गात बरीच चर्चा झाली. थळ म्हणजे स्थळ, जागा. जुन्या महसुली मराठीत थळ म्हणजे एखाद्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जमीन आणि ती कसणारा तो थळकरी. जकातीच्या कागदांत थळभरीत आणि थळमोड असे दोन शब्द येतात: माल जिथे भरला तिथली जकात थळभरीत, जिथे विकला तिथली थळमोड. हे ऐकताच एका मुलाने मांडणी केली की घाटात जकातीचे ठाणे असणार, म्हणून थळ घाट. ऐकायला छान वाटते. तरी मी ते फळ्यावर लिहू दिले नाही. शब्द जुळला म्हणजे नावाचा जन्म कळला असे होत नाही. त्यासाठी त्या घाटाचा, त्या ठाण्याचा कागद हातात हवा. स्थलनामांच्या बाबतीत मराठीत अशा सुरस कथा फार लवकर पसरतात आणि पुढची पिढी त्या पाठ करते.

कसारा कुणाचा

आता दुसरे नाव. रेल्वे १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत आली आणि इगतपुरीला १८६५ मध्ये पोचली. मधली चार वर्षे रूळ कसाऱ्याला संपत होते. नाशिकचा माणूस आणि नाशिकचा माल तिथे उतरायचा आणि घाट बैलगाडीने चढायचा. 'कसाऱ्याचा घाट' हा शब्दप्रयोग त्या काळात तोंडी बसला असावा असा माझा कयास आहे. पुढे मुंबईची लोकलही कसाऱ्यालाच संपू लागली. आजही नाशिकहून शेअर टॅक्सीने घाट उतरून कसाऱ्याला लोकल पकडणारे लोक आहेत. ज्या गावी थांबावे लागते, गाडी बदलावी लागते, चहा घ्यावा लागतो, त्या गावाचे नाव घाटाला लागते. सप्तशृंगी गडाखालच्या घाटाला नांदुरीचे नाव पडले तेही असेच, पायथ्याच्या गावावरून.

मुलांना मी एक काम दिले: घरात, स्टँडवर, बाजार समितीत लोक या घाटाबद्दल काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. थळ हा शब्द एकाही वहीत नव्हता. कसाराही वाटला होता त्याहून कमी होता.

वाशीला भाजी नेणाऱ्या एका टेम्पोवाल्या काकांचे फोनवरचे बोलणे एका मुलीने लिहून आणले होते. ते आडत्याला सांगत होते, "घाट उतरलो, लतीफवाडी सोडली, दोन तासांत पोचतो." त्यांना तिने विचारले, कुठला घाट? काकांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या धंद्यात घाट एकच. पण त्याच्या आत मात्र त्यांच्याकडे नावांची रास होती: जुना घाट, नवा घाट, झिरो पॉइंट, जव्हार फाटा. कुठे गिअर उतरवायचा, कुठे धुके दाटते, हे ते या नावांनी सांगतात. पंचवटी एक्सप्रेसच्या पासधारकांचेही तेच. "गाडी घाटात आहे" एवढे म्हटले की घरच्यांना कळते, पुढचा थोडा वेळ फोन लागणार नाही.

नाशिकमध्ये नुसता 'घाट' म्हटला तर आणखी एक घाट आहे, गोदावरीचा. पण कुणाचा गोंधळ होत नाही, कारण आपण प्रत्यय बदलतो. 'घाटावर गेलेत' म्हणजे रामकुंडाकडे. 'घाटात अडकलेत' म्हणजे कसाऱ्याच्या अलीकडे-पलीकडे. आणि कोकणातला माणूस 'घाटावर गेला' म्हणतो तेव्हा तो सह्याद्री चढून देशावर, म्हणजे आपल्याकडे आलेला असतो. हे वहीत मांडून दाखवल्यावर मुले बराच वेळ स्वतःच उदाहरणे काढत बसली.

इगतपुरीला घाटमाथ्यावर घाटनदेवीचे देऊळ आहे. घाटातून जाणाऱ्यांची ती राखणदार. तिच्या नावात थळही नाही आणि कसाराही नाही, नुसता घाट आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या आजीने त्याला सांगितले, "आम्ही घाटनदेवीचा घाट म्हणायचो." हे नावही नोंदीत गेले.

काय ठरले

आधी गुणांचा प्रश्न. त्या एकट्या मुलाला गुण देणे मला पटले नाही, कारण खऱ्या परीक्षेत तो मिळाला नसता. मी तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द केला. ज्यांचा बरोबर आला होता ते नाराज झाले, आणि एका गुणावर निवड हुकते हे पाहिलेल्या मुलांची नाराजी मी समजू शकते. चालू घडामोडींच्या सरांचा विरोध शेवटपर्यंत राहिला. त्यांचे म्हणणे, पाठ करणे हीही मेहनतच आहे. ते मान्य करूनही मी निर्णय बदलला नाही. जे उत्तर नकाशावर टिकत नाही ते तलाठ्याच्या किंवा तहसीलदाराच्या कामात कुठे उपयोगी पडणार?

मग प्रश्न नव्याने लिहिला: थळ घाट पुढीलपैकी कोणत्या दोन ठिकाणांच्या दरम्यान आहे? पर्याय: कर्जत–लोणावळा, कसारा–इगतपुरी, चिपळूण–कराड, भोर–महाड. आता नुसते नाव ओळखून भागत नाही, जागा माहीत असावी लागते. आणि चारही पर्याय खऱ्या घाटांचे आहेत, त्यामुळे चुकले तरी हाती काही लागते.

भिंतीवरच्या नकाशात 'थळ घाट' लिहिले आणि त्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरांत 'रस्त्यावर व बोलण्यात: कसारा घाट'. कंस टाळला. कंसातले नाव दुय्यम वाटते आणि इथे कोणतेच दुय्यम नाही. वापराबद्दल मुलांना सांगितले ते असे: रेल्वेचा इतिहास, भूगोलाचा पेपर, जुने नकाशे इथे थळ, आणि शुद्ध लिहायचे तर ळ च. रस्ता, एसटी, अपघात, वाहतूक कोंडी इथे कसारा. यातले शेवटचे मी ठासून सांगितले. घाटात गाडी बंद पडली आणि मदतीसाठी फोन केला तर थळ घाट सांगून वेळ घालवू नका. कसारा घाट सांगा, जुना की नवा ते सांगा, तुम्ही चढताय की उतरताय ते सांगा, आणि जवळची खूण सांगा: फाटा, पूल, देऊळ, किलोमीटरचा दगड. चढणीचा आणि उतरणीचा रस्ता इथे वेगळा आहे, त्यामुळे नुसत्या 'कसारा घाट' या नावावर रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने जाऊ शकते.

या सगळ्यात इगतपुरीच्या त्याच मुलाने एक प्रश्न काढला. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. त्यातून जाणारा माणूस घाट चढतच नाही, डोंगराच्या पोटातून निघून जातो. "मॅडम, मग त्या वाटेला आम्ही थळ लिहायचं की कसारा?" माझे उत्तर: दोन्ही नाही. घाट हा शब्द चढ-उताराच्या वाटेला आहे. बोगद्याला बोगदाच लिही, समृद्धीचा बोगदा, लोकही तेच म्हणतात. बोगद्याला घाटाचे नाव चिकटले तर उद्या नकाशावर दोनाचे तीन ठिपके होतील.

पुढच्या सत्रासाठी याच पद्धतीने जिल्ह्यातले बाकीचे घाट घ्यायचे ठरले आहे. चांदवडजवळचा राहुड, देवळ्याकडची भावडबारी, सटाण्याहून पिंपळनेरकडे जाताना लागणारी सेलबारी. बागलाण-खानदेशात बारी म्हणजेच खिंड, तरी लोक 'भावडबारी घाट' म्हणतात. ते तसेच लिहायचे. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाशी त्याचा संबंध जोडून पाहायचा. त्र्यंबकेश्वरच्या मुलाला आंबोली म्हटल्यावर आपल्या तालुक्यातले गाव आठवते आणि पेपरात सावंतवाडीचा घाट विचारलेला असतो, तेही या यादीत आहे. प्रत्येक घाटासाठी मुलांनी तीन माणसांना विचारायचे: एक जो तिथून गाडी चालवतो, एक जो तिथे राहतो, एक जो तिथे नोकरी करतो. छापील नाव मी देईन.